जपानमध्ये केक, पाव आणि चीज : जिन्नस कोणते घ्यावेत आणि कोठे

या सदराकडे जपानमधून येणाऱ्या पत्रांमध्ये अलीकडे तूरडाळ किंवा गोडा मसाला यांची चौकशी क्वचितच असते, कारण टोकियोतील निशी-कासाई आणि शिन-ओकुबो येथील दुकाने व घरपोच सामान पाठवणारे व्यापारी यांनी ती अडचण जवळजवळ संपवली आहे. अडचण येते ती अमेरिकेत किंवा युरोपात काही वर्षे संसार करून जपानला आलेल्या कुटुंबांना, ज्यांच्या घरी पोळीभाजीइतकेच मफिन, पास्ता आणि घरचा पावही रुळलेले असतात. अशा पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून यजमानांच्या नोकरीनिमित्त कावासाकीला आलो आहोत. तिकडे हमखास जमणाऱ्या चॉकलेट चिप कुकी येथे भाजताना पसरून एकमेकींना चिकटतात, बनाना ब्रेड कापताना त्याचा भुगा होतो आणि पाव फुगतच नाही. पाककृती त्याच आहेत. ऑल पर्पज पीठ, ब्राऊन शुगर आणि बेकिंग सोडा या वस्तू येथे नेमक्या कोणत्या नावाने मिळतात?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. आपल्या हातचे कसब कोठेही गेलेले नाही, पीठ बदलले आहे आणि बहुधा मापही बदलले आहे. माझी पहिली विनंती अशी की अमेरिकी नावाशी जुळणारे जपानी नाव शोधत बसू नये, पाकिटाच्या मागे छापलेले आकडे वाचावेत. जपानमध्ये पिठाच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे किती प्रथिने आहेत हे लिहिलेले असते, आणि पिठाचा स्वभाव त्या एका आकड्यावरून बराचसा कळतो.

येथील साध्या सुपरमार्केटात दोन प्रकारचे पांढरे पीठ ठेवलेले असते. हाकुरिकिको हे हलके पीठ असून त्यात साधारण आठ टक्के प्रथिने असतात. तेम्पुरा, स्पंज केक आणि पातळ बिस्किटे यांसाठी जपानी गृहिणी तेच वापरतात. क्योरिकिको हे पावाचे पीठ असून त्यात प्रथिने साधारण बारा टक्क्यांच्या आसपास असतात. अमेरिकी ऑल पर्पज पीठ या दोहोंच्या मधले, म्हणजे ढोबळ मानाने दहा ते पावणेबारा टक्क्यांचे असते. आपण बहुधा सर्वत्र दिसणारे आणि स्वस्त असलेले हाकुरिकिकोच प्रत्येक पदार्थाला वापरत असाल. त्यात ग्लुटेनचे जाळे पुरेसे तयार होत नाही, म्हणून पावाला वायू धरून ठेवता येत नाही, बनाना ब्रेड विस्कटतो आणि कुकीला आकार टिकवता येत नाही. दोन्ही पिठे समसमान मिसळली की सुमारे दहा टक्क्यांचे पीठ मिळते, आणि आपल्या बहुतेक अमेरिकी पाककृती त्यात व्यवस्थित होतात. कुकी अधिक दाट हवी असेल तर दोन भाग क्योरिकिको आणि एक भाग हाकुरिकिको घ्यावे. चूरिकिको नावाचे मधल्या ताकदीचे पीठही मिळते, पण ते मुख्यतः उदोन शेवयांसाठी विकले जाते, प्रत्येक दुकानात नसते, आणि त्यातील प्रथिने नऊ टक्क्यांच्या आसपास असल्याने घरी केलेले मिश्रण मला अधिक भरवशाचे वाटते. पावाला मात्र मिश्रण नको, निव्वळ क्योरिकिको घ्यावे. जाता जाता सांगते, दिवाळीच्या नानकटाईला हाकुरिकिको फार सुरेख लागते. जो हलकेपणा कुकीला मारक ठरतो तोच तेथे हवा असतो.

आता मापाविषयी. जपानी मापाचा कप 200 मिलिलिटरचा असतो, तांदूळ मोजण्याचा कप 180 मिलिलिटरचा असतो आणि अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा. सर्वच जिन्नस कपाने मोजले असते तर प्रमाण टिकले असते. परंतु अंडी नगावर घेतली जातात आणि लोणी वजनावर, म्हणजे अमेरिकी पाककृतीतील एक स्टिक 113 ग्रॅम या हिशेबाने. तीन कप पीठ जपानी कपाने घेतले तर जवळजवळ अर्धा कप पीठ कमी पडते, लोणी मात्र पूर्ण पडते, आणि मग कुकी पसरणारच. न्यू जर्सीतील कप सामानात आले नसतील तर एक छोटा डिजिटल काटा घ्यावा आणि अमेरिकी कपभर पीठ 120 ते 125 ग्रॅम, कपभर पांढरी साखर 200 ग्रॅम असे धरून सर्व पाककृती एकदाच ग्रॅममध्ये उतरवून ठेवाव्यात. चमच्यांची चिंता नको. मोठा चमचा 15 मिलिलिटर आणि छोटा 5 मिलिलिटर हे माप दोन्हीकडे सारखेच आहे.

साखरेत थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. जपानी घरांत रोज वापरली जाणारी जोहाकुतो ही साखर बारीक आणि किंचित ओलसर असते, कारण तिच्यात थोडी इन्व्हर्ट साखर, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभागलेली साखर, असते. तिने केक मऊ होतो, पण लवकर लाल होतो आणि कुकीला कुरकुरीतपणा येत नाही. अमेरिकी पाककृतीतील पांढऱ्या साखरेसाठी ग्रॅन्युलेटेड साखर घ्यावी. तिचे जपानी नाव ग्रान्यूतो असून ती कॉफीच्या साखरेजवळ किंवा बेकिंगच्या फडताळावर असते. ब्राऊन शुगर म्हणून अनेक जण सानओन्तो घेतात. तिचा तपकिरी रंग पाक पुन्हा पुन्हा तापवल्याने आलेला असतो, काकवीमुळे नव्हे. त्यामुळे ओलावा मिळतो पण चव मिळत नाही. कुरोझातो ही ओकिनावा आणि कागोशिमाच्या बेटांवरील काळी साखर आपल्या गुळाच्या जवळची असून ती एकटी वापरली तर फार उग्र लागते. तीन भाग किबिझातो, म्हणजे फिकट उसाची साखर, आणि एक भाग बारीक केलेली कुरोझातो हे मिश्रण अमेरिकी लाइट ब्राऊन शुगरच्या सर्वांत जवळ जाते असे माझे मत आहे.

बेकिंग सोड्याला जूसो म्हणतात. औषधांच्या दुकानात त्याची मोठमोठी पाकिटे स्वस्तात दिसतील, पण ती सफाईसाठी असतात. खाण्यायोग्य पाकिटावर शोकुयो असे लिहिलेले असते. लिपी येत नसल्यास मोबाईलच्या कॅमेऱ्याने वाचून घ्यावे, परंतु हे न पाहता पाकीट घेऊ नये.

प्रश्न : टोकियोत लोणी एवढे महाग का आहे आणि कधी कधी मिळतच नाही ते का? क्रीम आणले तर ते फेटताना घट्ट होते, पण चवीला तेलकट लागते. चांगले चेडर व मोझरेला कोठे मिळेल?

उत्तर : जपानमधील निम्म्याहून अधिक दूध होक्काइदो बेटावर निघते. दूध नाशवंत असल्यामुळे पिण्याच्या दुधाची गरज आधी भागवली जाते आणि उरलेल्यातून लोणी व दूध पावडर तयार होते. म्हणून दुधाचे उत्पादन घटले की त्याची झळ प्रथम लोण्याला बसते. आयातही मुक्त नाही, ती सरकारी महामंडळाच्या नियंत्रणाखाली आणि भारी शुल्काने होते. 2014 साली टंचाई एवढी वाढली की सरकारला जादा लोणी आयात करावे लागले आणि अनेक दुकानांनी एका ग्राहकाला एकच पाकीट असा नियम लावला. ख्रिसमसच्या केकमुळे डिसेंबरात मागणी चढते, त्यामुळे बिनमिठाचे लोणी नोव्हेंबरातच घेऊन गोठवून ठेवणे शहाणपणाचे. लोणी बहुधा 200 ग्रॅमच्या ठोकळ्यात येते. बिनमिठाच्या लोण्यावर शोकुएन फुशियो असे असते, आणि शेजारीच तशाच वेष्टनातील मार्गारिन असते, तेव्हा वेष्टनाच्या चित्रावर विसंबू नये.

क्रीमच्या बाबतीत आपला अंदाज बरोबर आहे. आपण वनस्पती तेलाचे क्रीम आणले असणार. दोन्ही खोकी 200 मिलिलिटरची, दोन्हींवर स्ट्रॉबेरीची किंवा केकची चित्रे आणि दोन्ही एकाच शीतकपाटात असतात. फरक एवढाच की खऱ्या दुधाच्या क्रीमच्या खोक्यावर पदार्थाचा वर्ग म्हणून केवळ क्रीम असे लिहिलेले असते आणि स्निग्धांशाचा आकडा, 35, 42 किंवा 47 टक्के, ठळक छापलेला असतो. दुसऱ्यावर बहुधा होइप्पु, म्हणजे व्हिप, असे लिहिलेले असते आणि घटकांच्या यादीत वनस्पती तेल पहिल्या काही नावांत येते. अमेरिकी हेवी क्रीममध्ये किमान 36 टक्के स्निग्धांश असतो, म्हणून पास्त्याच्या सॉसला 35 चे आणि केकवर थापायला 42 चे क्रीम घ्यावे. 47 चे क्रीम फार लवकर फुटून लोणी होते. बटरमिल्क बाजारात मिळेल अशी आशा न धरता साध्या दह्यात चतुर्थांश दूध घालून घुसळावे; आपले नेहमीचे ताक त्यासाठी फार पातळ पडते. आंबट क्रीम मिळते, पण अगदी छोट्या डब्यांत.

चीजच्या शीतकपाटात जागा जास्त प्रोसेस्ड चीजने व्यापलेली असते: त्रिकोणी तुकडे, काप आणि मुलांसाठीच्या कांड्या. वितळणारे किसलेले चीज पिझ्झाला पुरेसे चांगले असते आणि ते कोठेही मिळते. चेडर, गौडा आणि पार्मेजान यांसाठी सेइजो इशी किंवा काल्दी या दुकानांत जावे, आणि कुटुंब मोठे असेल तर कॉस्टकोमधून किलोभर आणून तुकडे करून गोठवावे. जपान आणि युरोपीय संघ यांच्यातील आर्थिक भागीदारी करार 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाला असून त्यानुसार युरोपातील कठीण चीजवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत आहे.

ताजे चीज घरी करण्याचा विचार असेल तर दूध पारखून घ्यावे. येथील बहुतेक दूध 120 ते 130 अंशांवर दोन-तीन सेकंद तापवलेले असते. अशा दुधाचे लिंबू घालून पनीर होते, पण ते मऊ आणि भुसभुशीत होते, आणि रेनेट (दूध गोठवणारे विकर) घालून मोझरेला तर नीट होतच नाही. 63 ते 65 अंशांवर अर्धा तास तापवलेले दूध काही दुकानांत वेगळे ठेवलेले असते. तापमान आणि वेळ खोक्यावर छापलेली असते. ते महाग पडते, परंतु रिकोटा, पनीर आणि मोझरेला या तिन्हींसाठी तेच घ्यावे.

प्रश्न : आम्ही ओसाकात राहणारे शाकाहारी कुटुंब आहोत. सूप, लझान्या, न भाजलेले चीजकेक हे सर्व घरी करतो, पण जिलेटिन आणि सूपच्या वड्या यांमुळे अडते. काय वापरावे?

उत्तर : जपानमधील जिलेटिन डुकराच्या किंवा गाईच्या अंशापासून केलेले असते, त्यामुळे ते आपल्यासाठी बाद. त्याऐवजी जो पदार्थ आपण लहानपणापासून चायना ग्रास म्हणून ओळखतो तो येथे कान्तेन या नावाने प्रत्येक सुपरमार्केटात, 4 ग्रॅमच्या पुड्यांत मिळतो, आणि एक पुडी सुमारे 500 मिलिलिटर द्रवाला पुरते. याच फडताळावर आगार नावाची पावडरही असते. ती बहुधा कॅराजीनन हे समुद्री शेवाळाचे सत्त्व आणि कॅरोब झाडाच्या बियांचा डिंक यांची असते, म्हणजे शाकाहारीच असते, पण तिने होणारा थर अधिक लवचीक आणि जिलेटिनच्या जवळचा असतो. फळांच्या जेलीला मी आगार निवडेन आणि चीजकेकला कान्तेन.

कान्तेन वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. ते नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, पाण्यात किंवा दुधात घालून एक-दोन मिनिटे उकळावे लागते. शिवाय ते 35 ते 40 अंशांच्या दरम्यानच धरू लागते, म्हणून शीतकपाटातून काढलेल्या थंड क्रीम चीजमध्ये ओतले तर ओतताक्षणी गुठळ्या होतात. चीज आणि क्रीम आधी खोलीच्या तापमानाला आणावेत, कान्तेनचे द्रावण गरम असतानाच थोडे थोडे घालून ढवळावे. पाककृतीत जिलेटिन जेवढे असेल त्याच्या निम्म्याहूनही कमी कान्तेन पुरते. जास्त झाले तर चीजकेक कापताना ठिसूळ तुटतो.

कोनसोमे नावाच्या सूपच्या वड्यांत मांसाचा अर्क असतो, आणि क्रीम स्ट्यूच्या तयार रूमध्ये, म्हणजे रस्सा दाट करणाऱ्या पीठ आणि चरबीच्या वड्यांमध्ये, बहुतेक वेळा प्राण्यांची चरबी असते. भाज्यांच्या ब्युयॉनच्या वड्या मिळतात, पण त्यांचेही घटक वाचावेत. लझान्याचा पांढरा सॉस आपण लोणी, हाकुरिकिको आणि दूध यांचा घरीच करावा, त्यात दहा मिनिटांहून अधिक वेळ जात नाही. घटक वाचताना एक सोय उपयोगी पडते. जपानमध्ये अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, सोबा (कुट्टू), शेंगदाणे आणि अक्रोड या ॲलर्जीकारक पदार्थांचा उल्लेख पाकीटबंद अन्नावर बंधनकारक आहे, त्यामुळे अंडे न खाणाऱ्यांना खात्री करता येते. गोमांस, डुकराचे मांस, कोंबडी आणि जिलेटिन यांचा उल्लेख मात्र शिफारशीपुरता आहे. म्हणून तो दिसला नाही याचा अर्थ ते नाहीत असा घेऊ नये. परदेशी चीजमध्ये रेनेट प्राणिज असू शकते, आणि पार्मिजानो रेज्जानोमध्ये तर ते नियमानेच वासराच्या जठरातील असते. घरात हे कटाक्षाने पाळले जात असेल तर लझान्यासाठी पार्मिजानो वगळावे.

प्रश्न : आम्ही मात्सुयामासारख्या छोट्या शहरात आहोत. टोकियोतील परदेशी लोकांची दुकाने आम्हांला उपयोगाची नाहीत. येथे काय करावे?

उत्तर : टोकियोत हिरोओ भागातील नॅशनल अझाबू आणि हिगाशी-अझाबूमधील निस्शिन या दुकानांची नावे नेहमी घेतली जातात, कारण ती वकिलातींच्या परिसरात असून त्यांचे ग्राहक मुख्यतः परदेशी आहेत, तेथे किमतीही तशाच आहेत. परंतु पाश्चात्त्य जिन्नस जपानमध्ये केवळ परदेशी रहिवाशांसाठी येतात ही समजूत चुकीची आहे. योकोहामा बंदर 1859 मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले, आयात खाद्यपदार्थांची मेइदीया ही पेढी 1885 मध्ये तेथेच सुरू झाली, आणि पाव, लोणी व टोमॅटो सॉस यांनी शिजणारे पदार्थ तेव्हापासून जपानी कुटुंबे स्वतःसाठी करत आली आहेत. त्यामुळे पास्ता, ऑलिव्ह तेल, 400 ग्रॅमचे इटालियन टोमॅटोचे डबे, सुकी बेसिलची पाने, यीस्ट, कॉर्नस्टार्च यांसाठी आपण शेजारच्या सुपरमार्केटबाहेर जाण्याचे कारण नाही. कॉर्नस्टार्चच्या शेजारी काताकुरिको हे बटाट्याचे सत्त्व असते. सूप दाट करायला ते चालते, पण कस्टर्डमध्ये ते थंड झाल्यावर पाणी सोडते.

त्यापुढील वस्तूंसाठी काल्दीची दुकाने देशभर मॉलमध्ये पसरलेली आहेत, आणि ग्योमू सुपर येथे गोठवलेल्या भाज्या, बेरी, मोठ्या आकाराचे चीज व थेट आयात केलेला माल स्वस्तात मिळतो. मद्यविक्रीसाठी ओळखल्या जाणाऱ्या यामाया दुकानांतही आयात पास्ता, चीज आणि डबाबंद वस्तूंचा चांगला साठा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मक्याचे जाड पीठ, राय धान्याचे पीठ, सुके क्रॅनबेरी, मोलॅसेस, फ्रान्सचे यीस्ट अशा खास बेकिंगच्या वस्तू मात्र तोमिझावा या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवाव्यात. महिन्यातून एकदा यादी करून मागवल्यास पाठवणीचा खर्च जाणवत नाही.

भोपळ्याच्या पाईसाठी डबाबंद भोपळा शोधण्याची धडपड करू नये. काबोचा नावाचा हिरव्या सालीचा भोपळा वाफवून गाळला की त्या डब्यापेक्षा चांगला गर मिळतो. तो अधिक गोड आणि कोरडा असल्यामुळे साखर थोडी कमी व दूध थोडे जास्त घालावे, एवढेच.

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही अमेरिकेहून योकोहामाला स्थलांतर करत आहोत आणि वाटेत पुण्याला थांबणार आहोत. सामानात काय घ्यावे?

उत्तर : मापाचे अमेरिकी कप, चांगला व्हॅनिला अर्क आणि क्रीम ऑफ टार्टार या तीन वस्तू हलक्या असून येथे त्यांच्यासाठी फिरावे लागते. नैसर्गिक कोकोचाही एक डबा घ्यावा. जपानमध्ये मिळणारा बहुतेक कोको अल्कलीची प्रक्रिया केलेला असतो. त्याचा रंग गडद आणि चव सौम्य असते, पण त्यात आम्लता नसल्यामुळे ज्या केकमध्ये केवळ बेकिंग सोडा कोकोच्या आम्लतेवर फुगतो तो नीट वर येत नाही. डबा संपल्यावर सोड्याच्या जागी तिप्पट बेकिंग पावडर घालून काम चालवता येते. पुण्याहून विलायची आणि जायफळ अख्खे घ्यावे, कारण येथे ते अगदी छोट्या बाटल्यांत आणि महाग मिळतात.

सॉसेज, सलामी, हॅम किंवा मांस असलेले सूपचे पाकीट मात्र भेट म्हणूनही ठेवू नये. निर्यात करणाऱ्या देशाच्या तपासणी प्रमाणपत्राशिवाय मांसजन्य पदार्थ जपानमध्ये आणण्यास बंदी आहे, विमानतळावर शोधक कुत्रे असतात आणि नियमभंग झाल्यास दंड होऊ शकतो.

मोठे केकपात्र आणि रुंद ट्रे आणण्यापूर्वी घरातील ओव्हन पाहून घ्यावा. येथील घरांत बहुधा मायक्रोवेव्हला जोडलेला 20 ते 30 लिटरचा ओव्हन असतो, त्यात अमेरिकी ट्रे बसत नाही, आणि अनेक ओव्हन 250 अंश केवळ पाचेक मिनिटे टिकवून मग आपोआप 200 ते 210 वर उतरतात. फॅरनहाइटमधील 350 म्हणजे सुमारे 180 अंश आणि 425 म्हणजे सुमारे 220 अंश. पिझ्झा व पाव यांसाठी दार उघडण्यापूर्वी ओव्हन पाककृतीपेक्षा 20 अंश अधिक तापवून ठेवावा, कारण लहान पोकळीतील उष्णता दार उघडताच झपाट्याने जाते.